दोन लाख रुपये, दीड किलो वजन: एका कॅमेरा-निवडीचं प्रकरण

बाईंनी मागणी कागदावर लिहूनच आणली होती. वय ६३, शाळेतून निवृत्त, छंद पक्ष्यांच्या फोटोंचा. नेहमीची ठिकाणं पुणे जिल्ह्यातली: भिगवण, कवडीपाट आणि सिंहगड व्हॅली. सध्या हातात निकॉन पी९५०. उजवा खांदा मध्यंतरी आखडला होता. आता बराच सुटलाय, पण डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे, म्हणून सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत. बजेट दोन लाख, कार्ड-बॅटरीसकट. फोटो कशासाठी, तर पक्षीमित्रांच्या गटाचं दरवर्षी छोटं प्रदर्शन भरतं आणि तिथे १२ बाय १८ इंचाच्या प्रिंट लावतात. कागदाच्या तळाशी, खाली रेघ मारून, शेवटची अट: झूम आत्तापेक्षा कमी नको.

या बाई मला आठवी-नववीला विज्ञान शिकवायच्या. मी आता पुण्यात कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देतो, त्यामुळे ‘कुठला घेऊ?’ हा प्रश्न रोजचाच. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं यूट्यूब बघून आधीच ठरलेलं असतं, त्यांना फक्त मान डोलावणारा कुणीतरी हवा असतो. बाईंचं काहीच ठरलेलं नव्हतं आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण हवं होतं. हौशी माणसाने पुढच्या पायरीचा कॅमेरा कसा निवडावा, हे त्यातून इतकं स्वच्छ उलगडत गेलं की पूर्ण लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी त्या रेघ मारलेल्या अटीबद्दल. पी९५०चा झूम ८३ पट आहे. फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या आकाराच्या, हिशेबात २४ ते २००० मिमी. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात २००० मिमीच्या तोडीचं काही दीड किलोत बसवायचं म्हटलं, तर दोन लाख सोडाच, वीस लाख मोजूनही ते जमत नाही. म्हणजे ती अट धरून बसलं तर चर्चा तिथेच संपत होती.

“बाई, मग नवा कॅमेरा हवाय कशाला?”

“फोटो बिघडतात म्हणून.”

“कुठले बिघडतात?”

“अरे, सगळेच थोडे थोडे,” असं म्हणून त्यांनी पर्समधून हार्ड डिस्क काढली. बाई फोटो पुसत नाहीत. प्रत्येक ठिकाणाच्या फोल्डरमध्ये ‘पास’ आणि ‘नापास’ असे दोन कप्पे. शिक्षकी सवय, पण मला हे घबाडच मिळालं. दुकानात जाण्याआधी बघावं ते हेच. नवीन कॅमेऱ्याच्या जाहिरातीत तो काय करतो ते कळतं. आपल्याला त्यातलं काय लागतं ते आपल्याच वाया गेलेल्या फोटोंत असतं. आणि हे फोटो बहुतेक जण पुसून टाकतात.

नापासांची तपासणी

प्रत्येक फोटोबरोबर शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आयएसओ (कमी उजेडात कॅमेऱ्याची वाढवलेली संवेदनशीलता), फोकल लेंग्थ (लेन्सचा पल्ला, मिमीत) सगळं नोंदलेलं असतंच. आम्ही ‘नापास’ कप्पा उघडून कारणं लावत गेलो.

सर्वांत मोठा ढीग निघाला सिंहगड व्हॅलीचा. गडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या बाजूने, झाडीतल्या ओढ्याकाठी पक्षी पाण्यावर येतात. टिकेलचा निळा माशीमार, स्वर्गीय नर्तक, धोबी. अंतर बरेचदा सात-आठ मीटर, म्हणजे झूमची मारामार अजिबात नाही. मारामार उजेडाची. सकाळी नऊलाही तिथे दाट सावली असते. नोंदी बघितल्या तर शटर १/६०, १/८०, फार तर १/१२५. पक्ष्याने मान वळवली की फोटो हलला. आयएसओ वाढवून शटर जलद केलं तिथे पिसांचा लगदा झालेला. माशीमाराच्या छातीवरचा नारिंगी रंग आणि पोटाचा पांढरा यांच्यामधली कड पार विरघळलेली.

दुसरा ढीग उडत्या पक्ष्यांचा. नदी सुरय, पाणकावळे, कवड्या खंड्या. फोकस मागच्या पाण्यावर, किंवा पक्षी चौकटीबाहेर जाऊन शेपटाचं टोक तेवढं हाती.

तिसरा ढीग भिगवणच्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा. पूर्ण झूम लावलेला, शटर व्यवस्थित, कॅमेरा स्थिर, तरी पक्षी पाण्यात विरघळल्यासारखे. या फोटोंची वेळ पाहिली तर जवळजवळ सगळे साडेनऊ-दहानंतरचे. उजनीच्या पाण्यावर ऊन तापलं की झळा उठतात. दोन-अडीचशे मीटर लांबच्या रोहिताकडून येणारा प्रकाश त्या थरथरत्या हवेतूनच कॅमेऱ्यात शिरतो. इथे पाच लाखांची लेन्स लावा, लगदा थोडा महागडा दिसेल इतकंच.

‘पक्षी फारच बारीक आला’ या कारणाने नापास झालेले फोटो शोधावे लागले. आणि ‘पास’ कप्प्यात १००० मिमीच्या पुढचे फोटो अगदी थोडे होते. बाईंनी स्वतःच कागद पुढे ओढला आणि शेवटची अट खोडली. मी फक्त पेन दिलं.

भागाकार

आता खरी मजा. मी नेहमीसारखं सांगायला लागलो की पी९५०चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, करंगळीच्या नखाएवढा, ६.२ बाय ४.६ मिमी, कॅननच्या एपीएस-सी (मधल्या आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांचा २२.३ बाय १४.८, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास बारापट. म्हणजे प्रकाश बारापट. बाईंनी हात वर केला.

“सेन्सर मोठा केला म्हणून पक्ष्याकडून जास्त प्रकाश निघतो का?”

नाही निघत. पक्षी तोच, अंतर तेच. त्याच्याकडून आलेल्या प्रकाशातला किती आत घ्यायचा हे ठरतं लेन्सच्या तोंडावर. पागोळीखाली परात ठेवा नाहीतर पेला, पाऊस तोच असतो. हे तोंड मोजायला भिंगाला पट्टी लावायची गरज नाही: फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने (एफ/८ मधला ८) भागायचं. बाईंनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि मी लेन्स सांगत गेलो.

पी९५० पूर्ण झूमवर खरा ३५७ मिमी असतो (२००० हा फुल फ्रेमचा हिशेब), एफ/६.५. भागाकार ५५ मिमी. मी मनात धरलेला पर्याय होता कॅनन आर७ आणि त्यावर आरएफ १००-४०० एफ/५.६-८. ४०० भागिले ८, बरोबर ५०.

“म्हणजे दोन लाख खर्चून मी पाच मिलीमीटर गमावणार?”

एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या गिऱ्हाइकाने विचारल्याचं आठवत नाही. आणि त्याचं प्रामाणिक उत्तर हो असंच आहे. लांबवर, स्वच्छ हवेत, निवांत बसलेल्या पक्ष्यासाठी या जोडीने प्रकाशात काही कमाई होत नाही. उलट पिक्सेलही कमी पडतात. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ‘मोठा सेन्सर’ लिहिलेलं असतं, हा भागाकार नसतो.

मग फायदा कुठे? पक्षी जवळ असतो तिथे. सात-आठ मीटरवरचा स्वर्गीय नर्तक शेपटीसकट चौकटीत बसवायचा तर पी९५०ला झूम मागे घ्यावा लागतो. ६४० मिमीच्या तोडीला त्याची खरी फोकल लेंग्थ उरते ११४ मिमीच्या आसपास आणि उघडं तोंड साधारण २५ मिमी. आर७वर ४०० मिमीचा कोन तोच, ६४० मिमीच्या तोडीचा, पण तोंड ५०. व्यास दुप्पट, प्रकाश चौपट. ज्या सावलीत १/६०वर कुचंबणा होत होती तिथे तेवढ्याच नॉइजमध्ये (दाणेदारपणात) १/२५० मिळणार. म्हणजे पहिला ढीग बराचसा सुटतो. दुसरा ढीग फोकसचा. तो लेन्सच्या तोंडाने सुटत नाही, बॉडीच्या मेंदूने सुटतो. आर७ हा २०२२चा कॅमेरा, पक्षी आणि त्याचा डोळा ओळखून धरून ठेवणारा. तिसरा ढीग झळांचा, त्यावर औषध लवकर उठणं.

मोठ्या सेन्सरला त्याचं श्रेयही द्यायला हवं: भर उन्हातला पांढरा बगळा. लहान सेन्सर लवकर काठोकाठ भरतो आणि पिसं नुसती पांढरी फटक होतात. मोठ्यात तपशील टिकवायला जागा असते.

रिंगणातले

भागाकाराची गोडी लागल्यावर बाईंनी बाकीच्यांनाही त्याच चाळणीतून घातलं.

सोनी ए६७०० आणि २००-६०० एफ/५.६-६.३: ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिमी. ५०च्या तुलनेत प्रकाश साडेतीनपटीहून जास्त. चित्राचा दर्जा विचारला तर हा सरळसरळ पहिला. पण लेन्स २,११५ ग्रॅम, बॉडी ४९३. दोन्ही मिळून २.६ किलो आणि किंमत तीन लाखांच्या पुढे. निकॉनची झेड १८०-६००, २०२३मध्ये आलेली, तिचाही भागाकार ९५ आणि वजन दोन किलोच्या घरात.

माझं मन होतं सेकंड हँड निकॉन डी५०० आणि २००-५०० एफ/५.६वर. भागाकार ८९. डी५०० हा २०१६चा डीएसएलआर, पण उडता पक्षी धरण्यात अजून भल्याभल्यांना ऐकत नाही, आणि जोडी जुन्या बाजारात सव्वा लाखाच्या आसपास पडत होती. दोन लाखांत पक्ष्यांचे सर्वांत चांगले फोटो कशाने निघतील असं कुणी तरुण, धडधाकट माणसाने विचारलं तर मी आजही हेच सांगेन. वजन तीन किलोच्या पुढे. बाईंनी ती जोडी उचलली, डोळ्याला लावली, काउंटरवर परत ठेवली आणि काही बोलल्या नाहीत.

हलकं आणि मोठ्या तोंडाचं, दोन्ही एकत्र मिळतं, फक्त त्याला पैसे पडतात. निकॉनची ६०० एफ/६.३ पीएफ दीड किलोच्या आत येते, भागाकार ९५, पण किंमत चार लाखांच्या वर. कॅननची १००-५०० एफ/४.५-७.१ म्हणजे ७० मिमी, १,३७० ग्रॅम. नुसती लेन्सच बजेट ओलांडून जाते.

जुन्यातला एक मोहरा होता: कॅननची ईएफ ४०० एफ/५.६ एल. १९९३ची लेन्स, भागाकार ७१, वजन सव्वा किलो, उडत्या पक्ष्यांसाठी एके काळी नावाजलेली. अडॅप्टर लावून आर७वर चालते, लेन्समध्ये नसलेलं स्थिरीकरण (हाताची थरथर शोषणारी सोय) बॉडी काही अंशी भरून काढते, आणि जुन्या बाजारात आवाक्यात. पण सगळं मिळून दोन किलोला टेकते आणि झूम नाही. भिगवणला नाव कधी पक्ष्याच्या अगदी जवळ जाते. चित्रबलाकाचं डोकं तेवढं चौकटीत आणि पाय बाहेर, हे बाईंना मान्य नव्हतं. मला हा पर्याय सोडताना जरा हळहळ वाटली.

आणि सोनी आरएक्स१० फोर. एक इंची सेन्सर, फुल फ्रेमच्या हिशेबात २४-६०० मिमी, लांब टोकाला खरे २२० मिमी आणि एफ/४, वजन १,०९५ ग्रॅम. भागाकार ५५! म्हणजे आर७च्या जोडीपेक्षा सरस, लेन्स बदलण्याची भानगड नाही, सेन्सरवर धूळ बसण्याची भीती नाही. कागदावर बाईंसाठी हाच शहाणा पर्याय. पण कॅमेरा २०१७चा; पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस त्यानंतरच्या पिढीत आला. शिवाय वॉरंटीसह नवा नग तेव्हा पुण्यात मिळाला नाही.

नावेत

आकडेमोड पुरे झाली होती. मी बाईंना दोन जोड्या भाड्याने दिल्या (सवलतीत, गुरुदक्षिणा म्हणा) आणि बरोबर गेलो. हिवाळा, कुंभारगाव, उजेड फुटायच्या आधी. नाव लहान, बसायला आडवी फळी, पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं. तिथे ट्रायपॉड उघडायला जागा नसते आणि मोनोपॉड (एका पायाचा टेकू) टेकवला तर मोटरची थरथर त्यातून वर येते. म्हणजे हातातच धरायचं.

बाईंच्या मांडीवर आधी सोनीची मोठी जोडी. सूर्य वर आला तसा नदी सुरयांचा खेळ सुरू झाला: पाण्यावर दोन-तीन पुरुष उंचीवर थबकायचं, चोच खाली करून नेम धरायचा आणि दगडासारखं पडायचं. थबकण्यापासून पडण्यापर्यंत मोजून दीड-दोन सेकंद. बाई बघत होत्या, नेम धरलेला त्यांना आधी कळत होता. पक्ष्यांची नजर त्यांची माझ्यापेक्षा कितीतरी तयार. पण मांडीवरून अडीच किलो डोळ्यापर्यंत येईतो सुरय पाण्यात जाऊन मासा घेऊन वर आलेला असायचा. मग त्यांनी ती डोळ्याला लावूनच ठेवली. थोड्या वेळाने डाव्या हाताचं कोपर गुडघ्यावर टेकलं, मग लेन्सचं तोंड हळूहळू खाली, मग उजवा हात सोडून त्यांनी बोटं उघडझाप केली. नावाडी म्हणाला, “आजी, जरा टेकवा की.”

कॅननची जोडी हातात आल्यावर फरक असा: सुरय थबकला की कॅमेरा वर. लेन्स ६३५ ग्रॅम, बॉडी बॅटरी-कार्डासकट ६१२, मिळून सव्वा किलो. व्ह्यूफाइंडरमध्ये निळी चौकट पक्ष्यावर बसलेली, जवळ आला की डोळ्यावर सरकलेली. पहाटेच्या उजेडात १/२००० ठेवायचं तर एफ/८वर आयएसओ ३२००च्या पुढे जात होता, ते मला खुपत होतं. बाईंना नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहगड व्हॅलीत मोठी जोडी मोनोपॉडवर होती आणि तिथे तिने आपला वकूब दाखवला. खांद्यावर वजन नाही, पक्षी समोर, प्रकाश साडेतीनपट. तिथे कॅननची जोडी तिच्यापुढे उघड उघड फिकी.

नंतर बाईंनी जे केलं ते मी कुणालाही सुचवेन. त्यांनी भाच्याला फाइलींची नावं बदलायला सांगितली, कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे त्यांना आणि मला कळू नये म्हणून. लॅबमधून १२ बाय १८च्या प्रिंट काढल्या, भिंतीवर लावल्या आणि प्रदर्शनात माणूस जिथे उभा राहतो तेवढ्या अंतरावरून गुण दिले. सावलीतल्या पक्ष्यांमध्ये मोठी लेन्स निर्विवाद पुढे. उन्हातल्या बसलेल्या पक्ष्यांमध्ये आम्हा दोघांनाही ओळखता आलं नाही. मी तर एका पी९५०च्या राखी बगळ्याला सोनीचा समजून पैकीच्या पैकी दिले. उडत्या पक्ष्यांमध्ये भिंतीवर लावण्याजोग्या प्रिंट जवळपास सगळ्या हलक्या जोडीच्या, कारण जड जोडीने ते क्षण पकडलेच नव्हते.

एक हिशेब त्यांनी वहीत केला तोही देतो, कारण लेन्स घेताना फार उपयोगी पडतो. १८ इंचाच्या प्रिंटवर पक्षी सहा इंच दिसावा आणि इंचाला किमान दोनशे पिक्सेल मिळावेत असं धरलं, तर पक्ष्यावर बाराशे पिक्सेल लागतात, हजारावर भागतं. छोटा खंड्या सुमारे १७ सेंटिमीटरचा. आर७चा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा, म्हणजे मिलीमीटरला ३१२ पिक्सेल. ४०० मिमीवर, २० मीटर अंतरावरच्या खंड्याचं चित्र सेन्सरवर ३.४ मिमी, म्हणजे १,०६० पिक्सेल. थोडक्यात खंड्यासाठी वीस मीटर ही लक्ष्मणरेषा. पुरुषभर उंचीच्या जवळ जाणारा रोहित मात्र दीडशे मीटरवरही तेवढाच भरतो. त्याच अंतरावरून २४ मेगापिक्सेलच्या आर१०वर खंड्या नऊशेच्या आसपास येतो. आर१० घेतला असता तर चाळीस-पंचेचाळीस हजार वाचले असते आणि पावणेदोनशे ग्रॅम वजनही. पण त्यात बॉडीचं स्थिरीकरण नाही, कार्डाचा खण एकच, बॅटरी लहान. यावर आमची थोडी वादावादी झाली. मी आर१०च्या बाजूने होतो: वाचलेल्या पैशांत मोठी लेन्स हवी तेव्हा भाड्याने घ्या. बाई म्हणाल्या, “तू भाड्याचं दुकान चालवतोस, तुझं मत मी निम्मंच धरते.”

खरेदी आणि नंतर

आर७ आणि आरएफ १००-४०० मिळून एक लाख नव्वद हजारांच्या घरात गेलं. एका दुकानदाराने त्याच वस्तू बऱ्याच स्वस्तात देऊ केल्या होत्या. जीएसटीचं बिल मागितल्यावर तो ‘इंटरनॅशनल वॉरंटी’ असं पुटपुटायला लागला. म्हणजे ग्रे मार्केटचा, कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल. शटर किंवा मदरबोर्ड गेला की वाचलेले पैसे तिथेच परत जातात. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर आहे आणि तो वस्तूवरच्या नंबराशी जुळतो, एवढं दुकानातच उभं राहून बघावं.

दोन खर्च आधी कागदावर नव्हते. या लेन्सबरोबर हूड (तिरपं ऊन अडवणारी पुढची कड) येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. आणि लॅपटॉप. जास्त आयएसओचे फोटो साफ करायला लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३पासून एआय डीनॉइज आहे आणि एफ/८च्या लेन्सला ते वरदान आहे. पण बाईंच्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला चहा करून प्यायला जाईल एवढा वेळ लागतो. त्यामुळे त्या आता निवडक फोटोच त्यातून काढतात, त्यावर नवा लॅपटॉप हा उपाय त्यांना पटलेला नाही.

कॅमेऱ्याच्या खोड्याही कळल्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ३० फोटो मिळतात, पण सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला जवळपास सेकंदाचा तिसावा भाग लागतो. तेवढ्यात खंड्याचा पंख कुठल्या कुठे गेलेला असतो आणि फोटोत तो वाकडा, रबरासारखा येतो. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकल शटर, सेकंदाला १५. आवाज मोठा, पण पंख सरळ. आवाजाने बुजणाऱ्या, जवळ बसलेल्या पक्ष्याला इलेक्ट्रॉनिक. ही सवय लागायला बाईंना थोडा काळ गेला. लेन्सला पावसा-धुळीपासून सीलिंग नाही, म्हणून जूनपासून ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं मीटर टाकून. कोकणातून आल्यावर तर लगेच. माझ्याकडे दुरुस्तीसाठी विचारणा होते त्या लेन्सपैकी कितीतरी बुरशीनेच वाया गेलेल्या असतात.

एक फायदा मात्र आम्ही मोजलाच नव्हता. ही लेन्स मीटरभरावरून फोकस करते आणि छोटी वस्तू सेन्सरवर मूळ आकाराच्या ०.४१ पट येते. त्यामुळे पक्षी नसतील तेव्हा चतुर, फुलपाखरं, गवतातले कोळी. त्या वर्षीच्या प्रदर्शनात बाईंच्या प्रिंटपैकी एक चतुराची होती.

पी९५० विकला नाही. रोहितांच्या पायातल्या कड्यांचे आकडे वाचायला आणि लांबच्या पक्ष्याची ओळख पटवायला त्याच्यासारखं साधन नाही, तो नावेत पिशवीत असतोच. सिंहगड व्हॅलीच्या दिवसांना त्या माझ्याकडून सोनीची मोठी लेन्स नेतात. कॅननवर ती बसत नाही, म्हणून बॉडीसकट.

मध्यंतरी त्यांना कुणीतरी आरएफ १.४ पट एक्स्टेंडर सुचवला, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून पल्ला वाढवणारा. ४०० मिमीचे ५६० होतात. मला फोन आला तेव्हा त्यांचा भागाकार झालेला होता: एफ/८चा एफ/११ होतो, ५६० भागिले ११, तोंड तेच ५० मिमी, प्रकाश एक थेंब वाढत नाही, सुस्त फोकस तेवढा पदरात. त्या पैशांचा काही भाग त्यांनी लपून बसायच्या घडीच्या हाइडमध्ये घातला, पानांच्या रंगाचं कापड आणि समोर लेन्सपुरती फट. वीस मीटरवरचा खंड्या बारा मीटरवर येऊन बसला तर प्रकाश पावणेतीनपट आणि पिक्सेल साडेसतराशेच्या वर, असं वहीत लिहिलंय. सध्या कवडीपाटला रविवारी सकाळी ते हाइड लावलेलं असतं. कुत्री सोडून अजून कुणी जवळ आलेलं नाही, असा ताजा अहवाल आहे.